चार डोक्यांचं कार्ड

एकट्या माणसाचं कार्ड मी घेत नाही. कितीही जुनं असो, कितीही गाजलेल्या खेळाडूचं असो, कुणी फुकट दिलं तरी परत करते. माझ्या कपाटात आहेत ती सगळी दोघांची, तिघांची, नाहीतर चौघांची. बेसबॉलचा सामना मी उभ्या जन्मात मैदानावर बसून पाहिलेला नाही. पण जुनं अमेरिकन कार्ड हातात दिलंत, तर ते खरोखर जुनं आहे की परवा छापून चहाच्या पाण्यात बुडवलेलं, हे मी तुम्हाला त्याच्या कडेवरून बोट फिरवून सांगेन.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिकडे पूर्वी च्युइंगगमच्या पाकिटात खेळाडूंच्या फोटोची पुठ्ठ्याची कार्डं यायची. नावाजलेल्याला अख्खं कार्ड मिळायचं. पण त्या वर्षी नुकत्याच मोठ्या संघात आलेल्या पोरांची तेवढी पत नसायची, म्हणून दोघातिघांना, कधी चौघांना एकाच कार्डावर दाटीवाटीनं बसवायचे. पुढे त्यातला एखादा मोठा व्हायचा आणि बाकीच्यांचं कुत्रंसुद्धा नाव घ्यायचं नाही. लोक असलं कार्ड त्या एकासाठी घेतात. मी बाकीच्यांसाठी घेते.

माझा नवरा म्हणतो, हा छंद नाही, हा डूख आहे. खरं बोलतो तो. मी डूख धरणारी बाई आहे आणि त्याची मला तिळमात्र लाज वाटत नाही.

याचं मूळ माझ्या मामात आहे. आई मी लहान असतानाच गेली. तिचा धाकटा भाऊ अर्नाळ्याचा, मालवाहू बोटीवर नोकरीला. वर्षाकाठी एकदा घरी आला की आधी आमच्या वाडीत यायचा. बाकीच्यांना साबण, थर्मास, नायलॉनची साडी, आणि मला ही कार्डं. गम तो बोटीवरच्या सोबत्यांत वाटून टाकायचा. कार्डं मलाच का, तर मी वाडीत पोरांच्या बरोबरीनं बोलिंग टाकायचे, आणि आईविना पोर म्हणून त्याचा माझ्यावर जीव होता.

आम्हाला ते क्रिकेटच वाटायचं. पॅड कुठे गेले आणि स्टंप कुठे गेले, एवढीच शंका. भलामोठा हातमोजा घातलेला माणूस म्हणजे विकेटकीपर हे तर उघडच होतं. पण कार्डावर जो तो हातमोजा घालून उभा, त्यामुळे त्या देशात संघच्या संघ विकेटकीपरांचा असतो असं आमचं मत झालं होतं. माझ्याहून मोठा चुलत भाऊ तर शपथेवर सांगायचा की तिथे स्टंप चोरीला जातात, म्हणून लावतच नाहीत.

एका खेपेला मामानं चार डोक्यांचं कार्ड आणलं. चार चौकोन, प्रत्येकात एक चेहरा, चौघांच्या टोप्या निरनिराळ्या. मला वाटलं, चार गावांचे चार जावई एकाच फोटोला बसलेत. वर उजवीकडे एक हसरा देखणा माणूस होता. खाली डावीकडच्याचा एक गाल टम्म फुगलेला. आमच्या भागात घरोघर पानवेल, सगळ्या म्हाताऱ्यांचा एक गाल सदा तसाच, त्यामुळे तो विडा चघळतोय याबद्दल कुणालाच संशय आला नाही. मामासुद्धा त्याला विडावालाच म्हणायचा. ते कार्ड मी उशाखाली घेऊन झोपायचे.

आता घराबद्दल. एकत्र कुटुंब, केळी आणि फुलांची वाडी, काका मोठे, बाबा धाकटे, चूल काकीच्या हातात. आम्ही मुलं चौघं: चुलत भाऊ, त्याची बहीण, मी आणि माझा धाकटा भाऊ. घराचा नियम असा की बाहेरून जे आत येईल ते चौघांत सारखं वाटायचं. फणसाचे गरे असोत की कुणी पाठवलेली रावसाची तुकडी असो. आणि वाटणी करायची बाबांनी. त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आजूबाजूच्या वाड्यांतसुद्धा भावाभावांचं फाटलं की वाटे पाडायला बाबांना बोलावणं यायचं.

मामा बोटीवर परत गेला आणि चुलत भावानं तोंड उघडलं. "तिला एकटीलाच का? घरात आलंय ना?"

मी म्हटलं, मामा माझा आहे. काकीनं काकांकडे पाहिलं, काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा उठले, काकीच्या मशिनवरची कात्री घेतली आणि ते कार्ड मधोमध उभं कापलं, मग आडवं. कपडा बेतावा इतकं सरळ. मी रडत होते, आणि ते मला समजावत होते, "घर एक आहे ना आपलं? मग?"

मोठा म्हणून पहिली निवड चुलत भावाची. त्यानं हसरा देखणा उचलला. मग त्याच्या बहिणीनं एक घेतला, माझ्या भावानं एक घेतला, आणि माझ्याच कार्डातला उरलेला तुकडा मला मिळाला, विडावाला.

पुढच्या खेपेला मामा आला तेव्हा मी मागच्या अंगणात अबोलीच्या वेण्या भिजवत बसले होते. हाक आली म्हणून ओल्या हातानं पडवीत गेले. मामा खुर्चीवर, त्याच्या शेजारी चुलत भाऊ मान खाली घालून उभा, बाबा बाकावर सुपारी कातरत. मामाचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तो म्हणाला, "एवढ्या लांबनं आनतो मी, आनि तू कातरून टाकतेस? तुला कशाची कदर नाय गं."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा म्हणाले, "जा, मामाला पानी आन आधी." मी पाणी आणायला गेले. परत येईपर्यंत नवं पाकीट चुलत भावाच्या हातात होतं.

त्यानंतर मामा नोकरीवर होता तोवर एकूण एक कार्ड चुलत भावाकडे गेलं. मामा माझ्याशी बोलायचा, खाऊ आणायचा, लग्नात माझ्या पाठीशी उभा राहिला, डोळे पुसले. पण कार्ड म्हणून परत कधी दिलं नाही. आणि मीही तो विषय त्याच्यापाशी कधी काढला नाही, कारण काढला असता तर बाबांचं नाव घ्यावं लागलं असतं. मेव्हण्यानं प्रेमानं आणलेली वस्तू यांनी कात्रीनं कापली, हे मेव्हण्याच्या तोंडावर कसं सांगायचं? बायको गेलेला माणूस, मोठ्या भावाच्या चुलीवर जेवणारा, दोन पोरं पदरात. तो गप्प बसला तर बसला. बाबांना मी तेव्हाच माफ करून टाकलं. चुगली कुणी केली हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माल ज्याच्या हातात गेला त्यानेच, हे शेंबडं पोरही सांगेल. सगळा राग मी चुलत भावाच्या नावावर ठेवला आणि बँकेतल्या मुदत ठेवीसारखा वाढू दिला.

मी नोकरीला लागले, लग्न झालं, वसईत एव्हरशाईनमध्ये फ्लॅट घेतला. विडावाला माझ्या दागिन्यांच्या डबीत होता. भावाची मुलगी शिकायला अमेरिकेला गेली आणि विचारू लागली, आत्या, तुला काय आणू. मी म्हटलं, जुनी नवशिक्यांची कार्डं मिळतात का बघ, एकाहून जास्त तोंडांची. पोरगी हसली, पण घेऊन आली. मग मी इंटरनेटवर बसून सगळं शिकले. कोपरे कसे पाहायचे, छापा मधोमध आहे का, मागच्या बाजूला गमचा डाग कसा उमटतो. हेही कळलं की चुलत भावानं उचललेला तो हसरा पुढे फार मोठा झाला, त्याचे पुतळे आहेत. आणि माझा विडावाला एक उन्हाळा खेळला आणि गेला. पुढे त्याचं काय झालं, कुणी लिहूनसुद्धा ठेवलेलं नाही. मला त्याचाच लळा लागला.

वसईत कागद सांभाळणं म्हणजे सोपी गोष्ट नाही. पावसाळ्यात आमच्या भिंतींना घाम सुटतो, कपाटातल्या साड्यांना वास येतो. औषधाच्या बाटल्यांत आणि नव्या पर्सांत ज्या दाणेदार पुड्या येतात त्या मी इमारतभर मागून जमवते आणि कार्डांच्या डब्यात ठेवते. शेजारणींना वाटतं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. वाटू दे.

इकडे चुलत भावानं आपल्या वाट्याची वाडी बिल्डरला दिली, बंगला बांधला, आणि त्यात काचेचं शोकेस करून मामाची कार्डं मांडली. गावच्या केबल चॅनेलवाले येऊन गेले. मी ते टीव्हीवर पाहिलं. डोक्यावर लाल टोपी घालून हा पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, बॅट्समन म्हणत होता. आणि वर म्हणाला, "माझ्या मामांनी आणलेला हा खजिना." माझ्या मामांनी! मी रिमोट एवढ्या जोरात आपटला की त्याची सेलं पलंगाखाली गेली.

पण देव कधी कधी माणूस आपणहून हातात आणून देतो. मागे एका पावसाळ्यात त्याचा फोन आला. आवाज अगदी लोण्यासारखा. "अगं, तुझ्याकडे पण आहेत ना थोडी कार्डं? माझ्या कार्डांना बुरशी धरायला लागलीय. मी म्हणतो, लॅमिनेट करून टाकू का सगळी? स्टेशनजवळ एक जण करून देतो. पाण्याचा थेंब आत जाणार नाही."

आपली माणसं काय लॅमिनेट करत नाहीत? मार्कशीट, जातीचा दाखला, देवीचा फोटो. जपायची वस्तू दिसली की घाल गरम प्लास्टिकमध्ये. त्यात त्याचं काही नवल नव्हतं. मला मात्र ठाऊक होतं की एकदा ते प्लास्टिक तापून पुठ्ठ्याला चिकटलं की जन्मात सुटत नाही. तसलं कार्ड कुठलाही जमवणारा हातात धरणार नाही. त्याला मयतच म्हणतात.

आमटीला फोडणी बसली होती. मी गॅस बारीक केला आणि म्हटलं, "कर की. उत्तम आहे. आणि हे बघ, जाडवालं प्लास्टिक सांग, पातळ टिकत नाही."

त्यानं जाडवालं केलं. सगळी. मी त्या संध्याकाळी तुपातला शिरा केला. नवऱ्यानं विचारलं, आज काय? मी म्हटलं, असंच.

पण पुढे माझ्या लक्षात आलं की सूड अर्धाच झालाय. त्याला लागलंच नव्हतं मुळी. उलट चकचकीत कार्डं बघून तो जास्तच खूश. आणि खरं सांगायचं तर मला त्याच्या शोकेसशी काय देणंघेणं? मला हवं होतं ते वेगळंच. मामा आता फार थकलाय, दोन माणसांच्या आधारानं उठतो. तो जायच्या आत त्याच्या कानांवर एकदाच पडायला हवं होतं की मी ते कार्ड कापलं नाही. मला कदर होती. एवढंच. आणि हे पडायला हवं होतं चुगलखोराच्या देखत.

गेल्या वर्षी भाची आली ती माझ्यासाठी एक पाकीट घेऊन. तेच कार्ड, चारी डोक्यांचं, अखंड. कोपरे किंचित मऊ, पाठीवर गमचा तांबूस डाग. मी ते टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिले. मग पंचांग काढलं. पितृपक्ष तोंडावर होता, बाबांची तिथी भावाच्या घरी, उरलेल्या वाडीत. मामा येणार, चुलत भाऊही येणार. म्हटलं, याहून चांगला दिवस नाही.

मामाला पडवीत खुर्चीवर बसवलं होतं. चुलत भाऊ शेजारीच, आपला लॅमिनेट केलेल्या कार्डांचा अल्बम मामाच्या मांडीवर उघडून एकेक दाखवत होता. मी गेले, अल्बम बाजूला सारला आणि माझं कार्ड मामाच्या हातात दिलं.

मामानं ते डोळ्यांजवळ नेलं. "आरं, ह्यो तर आपला विडावाला!"

एवढ्या वर्षांनी त्यानं ओळखला. पण मी रडायला आले नव्हते. वाडीत पाय ठेवला की माझी भाषाही वाडीची होते. मी म्हटलं, "मामा, तुमी आनलेलं कार्ड मी कापलं नव्हतं. ह्या दादानं हट्ट धरला, घरात वाटा म्हनून. कापलं बाबांनी. आनि मग ह्यानंच तुमाला सांगितलं की मी कातरलं. कार्डं आपल्याला मिळावी म्हनून."

चुलत भाऊ आ वासून बघत राहिला. "मी? मी कधी काय सांगितलं? हट्ट मी केला, कबूल. पण मामांना मी काहीच बोललो नाही. उलट घाबरून उभा होतो, माझंच नाव येईल म्हणून."

"खोटारड्या," मी म्हटलं. आणि मग जे पोटात होतं ते सगळं बाहेर काढलं. म्हटलं, तुझा तो अल्बम मेलेला आहे. एकाही कार्डाला आता कुणी विचारणार नाही. लॅमिनेट केलंस तिथेच संपलं. आणि हे मला फोनवरच ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तुला जाडवालं सांगितलं.

त्याचा चेहरा असा काही उतरला की मला गार वाटलं. खोटं कशाला बोलू, फार गार वाटलं.

तेवढ्यात मामानं हात वर केला. "थांब गं. ह्यानं नाय सांगितलं."

"मग कोनी?"

मामा कार्डाकडेच बघत होता. "तुज्या बापानं. मी विचारलं, कार्ड कुठं हाय. तो म्हनला, पोरीनं कातरून टाकलं. तिला कशाची कदर नाय, म्हनला. पुढं आनाल ते ह्या मोठ्याकडं देत जा, हा जपून ठेवील."

मामाच्या तोंडून मी लहानपणी जे शब्द ऐकले होते, ते त्याचे नव्हतेच. बाबांनी त्याच्या तोंडात घातलेले होते. मला पाण्याला पिटाळलं तेही त्यांनीच.

कारण माझ्या लगेच लक्षात आलं, मी काही खुळी नाही. बहीण गेल्यावर तिच्या मुलीची वस्तू या घरात कापली जाते, हे मामाला कळलं असतं तर तो आम्हा दोघांना उचलून अर्नाळ्याला घेऊन गेला असता. बाबांना आम्ही हवे होतो आणि काकीची चूलही हवी होती. दोन्ही राखायचं तर कुणाला तरी वाईट ठरवायला लागणार होतं. त्यांनी सारखे वाटे पाडले नाहीत त्या दिवशी. सगळा दोष एकीच्याच पानात वाढला. कारण समजलं म्हणून राग जातो, असं म्हणणाऱ्यांना कधी खरा राग आलेलाच नसतो.

"जाडवालं तूच सांगितलंस," चुलत भाऊ अल्बमची पानं उलटत हळूच म्हणाला.

"पहिला तुकडा कुणी उचलला होता?" मी म्हटलं. माफी मी मागितली नाही, मागणारही नाही. चुगली नसेल केली त्यानं, पण मान खाली घालून पाकीट घेतलंच होतं ना? त्यातलं एक कार्ड तरी मला आणून द्यायचं होतं. मला वाईट वाटलं ते कार्डांचं. मामानं समुद्रापलीकडून आणलेली कार्डं ती.

मामानं माझं मनगट धरलं होतं. तो म्हणाला, "मी तुला विचारायला पायजे होतं गं." मी नुसती मान हलवली. पाहिजे होतंच.

आतून भावजयीनं हाक मारली, कावळ्याचं पान तयार आहे, लेकीनं ठेवायचं. मी पान घेऊन मागे विहिरीच्या कठड्याशी गेले. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं साग्रसंगीत. आणि एका कडेला दोन सुकेळी, पिकली केळी उन्हात वाळवून केलेली, काळसर, मधासारखी गोड. बाबांचा जीव की प्राण. भावजयीनं मुद्दाम मागवून घेतली होती.

पान कठड्यावर ठेवलं. सुपारीच्या झाडावर कावळा बसलाच होता. मी दोन्ही सुकेळी पानावरून उचलली आणि तिथेच उभ्यानं, त्याच्या डोळ्यांदेखत खाल्ली. सावकाश. एकसुद्धा ठेवलं नाही.

कावळा काही खाली येईना. भाऊ मागच्या दारात येऊन उभा राहिला, जरा वेळ वाट पाहिली, मग काळजीनं म्हणाला, "बाबांचं काहीतरी राहिलंय मनात. हात जोड आणि सांग त्यांना, जे राहिलं असेल ते आम्ही पुरं करू."

"राहू दे राहिलंय तर," मी म्हटलं, आणि बोटं चाटत आत जेवायला गेले.